मजूर खाणार काय? मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्राचं घराणं

गाण्यात आपण घराणं म्हणतो. अर्थशास्त्रात त्यालाच ‘स्कूल’ म्हणतात. आज आपण मुंबई विद्यापीठातल्या अशाच एका घराण्याकडे बघू. कलिन्यातला हा विभाग आता मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी या नावाने ओळखला जातो.

सुरुवातीला अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र इथे एकत्र नांदत होते. 1919 मध्ये समाजशास्त्राची धुरा नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांच्याकडे आली. अर्थशास्त्राला घडवलं ते लंडनला शिकून आलेल्या चंदुलाल वकील यांनी. सरकारी हिशेब, चलन, किमती हे त्यांचे विषय. म्हणजे पुस्तकी सिद्धांताइतकंच देशाच्या रोजच्या व्यवहाराकडे लक्ष.

या घराण्याचं नाव झालं ते एका मतभेदामुळे. 1956 मध्ये दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली. महालनोबिस यांचं म्हणणं होतं, आधी पोलाद आणि यंत्रं बनवणारे कारखाने उभारू. पुढची वाढ त्यातूनच होईल. त्याच वर्षी वकील आणि त्यांचे शिष्य पी. आर. ब्रह्मानंद यांनी पुस्तक लिहून वेगळा मार्ग मांडला.

त्यांचा मुद्दा असा. समजा, एका शेतावर पाच जण राबतात, पण काम तिघांचंच आहे. उरलेले दोघे धरणाच्या कामावर गेले, तरी पीक घटणार नाही. ठीक. पण ते दोघे तिथे खाणार काय? मागे राहिलेले तिघे आता पोटभर जेवू लागले, तर त्यांच्या वाट्याचं धान्य बाजारात येणारच नाही. मजुरी रोख दिली आणि धान्य तेवढंच राहिलं, तर भाव चढणार. म्हणून धान्य, कापड अशा ‘वेतन-वस्तूं’चं उत्पादन आधी वाढवा, असं ते सांगत होते.

योजना त्या वाटेने गेली नाही. पुढे 1957 मध्ये परकीय चलनाची तीव्र टंचाई झाली. 1960 च्या दशकाच्या मध्यात दुष्काळ पडला, तेव्हा अमेरिकेच्या पीएल-480 गव्हाचा आधार घ्यावा लागला. एवढ्यावरून कोण जिंकलं, कोण हरलं, असा निकाल देता येत नाही. दुष्काळाला पाऊसही कारण होता आणि पोलादाचे कारखाने देशाला लागणारच होते. पण मुंबईचा प्रश्न रास्त होता, एवढं नक्की.

हाच प्रश्न पुढच्या पिढीच्या कामातही दिसतो. एम. एल. दांतवाला शेतमालाच्या किमती ठरवण्यासाठी 1965 मध्ये नेमलेल्या आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. डी. टी. लकडावाला 1977 ते 1980 योजना आयोगाचे उपाध्यक्ष होते. दारिद्र्यरेषेच्या मोजणीवरचा 1993 चा अहवाल त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

तेव्हा यापुढे कुठल्याही मोठ्या योजनेचे आकडे ऐकले, की आपणही विचारून बघू: यात राबणाऱ्या माणसाच्या ताटात काय पडणार, आणि ते कुठल्या भावाने?