गाडीचा काटा आणि गटाची वही

बचत गटाच्या गप्पांमध्ये आपण आजवर कर्ज, व्याज, लोणच्याचा टिकाऊपणा, पॅकिंग असं बरंच बोललो. आज बोलायचंय पेट्रोलबद्दल. विषय पुरुषांचा वाटतो ना? आम्हालाही तसंच वाटायचं. पण गटाच्या पैशातून गाडी चालायला लागली की पेट्रोल हा आपल्याच हिशोबाचा विषय होतो. तो आम्हाला कळत नव्हता, म्हणून आमच्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगतो.

आमच्या गटाकडे एक छोटी, जुनी पेट्रोल गाडी आहे. पहाटे तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमधून भाजी आणायची, नेरुळला स्वयंपाकघरात उतरवायची आणि अकरा वाजल्यापासून महापे, रबाळे, बेलापूर इथल्या ऑफिसांत जेवणाचे डबे पोचवायचे, असं तिचं काम. गटातलीच एक ताई ती चालवते. गाडी घेताना आम्हाला सांगितलं होतं, की लिटरला २० किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज देते, कागदावर तसंच आहे. आम्ही तो आकडा धरून बसलो. हिशोबाला सोपं म्हणून पेट्रोल लिटरला १०० रुपये धरू या. म्हणजे किलोमीटरला ५ रुपये. डब्यांच्या दरात आम्ही तेवढाच खर्च घातला.

महिना संपला आणि पेट्रोलचा खर्च बसेना. त्यातच एका सोमवारी सकाळी कोषाध्यक्ष ताईंनी गाडीत डोकावून पाहिलं, तर काटा बरोबर अर्ध्यावर. बुधवारी संध्याकाळी पाहिलं, तर काटा तळाला, ‘ई’ अक्षरावर. मधल्या तीन दिवसांत गाडी चालली होती १०५ किलोमीटर. पुस्तकाप्रमाणे टाकी ३५ लिटरची. अर्धी म्हणजे साडेसतरा लिटर. २० च्या अ‍ॅव्हरेजने १०५ किलोमीटरला सव्वापाच लिटर पुरायला हवं. मग उरलेलं बारा लिटर गेलं कुठे?

मासिक सभेत हा प्रश्न निघाला. कोणी ‘चोरी’ हा शब्द उच्चारला नाही, पण सगळ्यांची नजर एकीकडेच गेली. ताई उठल्या, गाडीची किल्ली हजेरीच्या वहीवर ठेवली आणि म्हणाल्या, “हिशोब लागेपर्यंत गाडी तुमच्याकडेच राहू दे.” आठवडाभर आम्ही रिक्षाने डबे पोचवले. तेव्हा कुठे आम्हाला सुचलं, की ज्या काट्यावर विश्वास ठेवून आपण माणसावर संशय घेतला, तो काटा मोजतो तरी काय, हे आधी पाहावं.

तर मैत्रिणींनो, पेट्रोलचा काटा लिटर मोजत नाही. टाकीत एक तरंगणारा तुकडा असतो, घराच्या पाण्याच्या टाकीत बॉलचा कॉक असतो ना, तसाच. तो एका दांडीला जोडलेला असतो. पेट्रोल खाली गेलं की तुकडा खाली जातो, दांडी हलते, विजेचा प्रवाह कमी-जास्त होतो आणि समोरचा काटा सरकतो. म्हणजे काटा सांगतो ती पेट्रोलची उंची.

आता आपली कळशी आठवा. कळशीत अर्ध्या उंचीपर्यंत पाणी असलं म्हणजे अर्धी कळशी पाणी असतं का? तळाला ती निमुळती, मध्ये पोट, वर गळा. गाडीची टाकीही अशीच वेडीवाकडी असते, कारण मागच्या सीटखाली, चाकांच्या आणि सायलेन्सरच्या मध्ये जिथे जागा मिळेल तिथे ती बसवलेली असते. म्हणून ‘अर्धा’ काटा म्हणजे अर्धी टाकी असेलच असं नाही.

आणखी तीन गोष्टी. टाकी काठोकाठ भरली की तो तुकडा छताला टेकतो, त्यामुळे भरल्यावर बरेच किलोमीटर काटा ‘फुल’वरून हलतच नाही आणि आपल्याला वाटतं, काय सुंदर अ‍ॅव्हरेज मिळतंय! दुसरं म्हणजे, खड्ड्यात आणि वळणावर पेट्रोल हिंदकळतं. काटा सारखा नाचू नये म्हणून तो मुद्दाम संथ ठेवलेला असतो. तरीही पारसिक हिलचा चढ चढताना एक दाखवेल आणि सपाट पाम बीच रोडवर दुसरं. तिसरं, काटा ‘ई’वर आला तरी टाकी कोरडी नसते. काही लिटर राखून ठेवलेले असतात, कारण आजच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि त्याच पेट्रोलने तो थंड राहतो. म्हणून रोज ‘ई’पर्यंत गाडी चालवणं पंपाला बरं नाही.

आम्ही हे करून पाहिलं. काटा बरोबर अर्ध्यावर असताना टाकी भरली, तर २१.९ लिटर पेट्रोल गेलं. म्हणजे अर्ध्या काट्यावर टाकीत तेराच लिटर होतं, साडेसतरा नव्हे. पुढे एकदा काटा ‘ई’वर आल्यावर भरली, तर ३० लिटर गेलं. म्हणजे ‘ई’वरही पाच लिटर शिल्लक होतं. अर्ध्यापासून ‘ई’पर्यंत खर्च झालं साधारण आठ लिटर. त्या सोमवार ते बुधवारात गाडीने साडेसतरा नाही, आठच लिटर प्यायलं होतं. बारा लिटरची ‘चोरी’ इथेच पावणेतीन लिटरवर आली.

ते पावणेतीन लिटर शोधायला खरं अ‍ॅव्हरेज मोजावं लागलं. पद्धत अगदी सोपी आहे. पंपावर टाकी फुल करायची. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबायचं. ‘अजून थोडं घाला’ म्हणायचं नाही, कारण काठोकाठ भरलेलं पेट्रोल उन्हात फुगतं, त्याला जागा लागते. मग गाडीचं किलोमीटरचं रीडिंग वहीत लिहायचं. नेहमीसारखी गाडी चालवायची. पुढच्या वेळी त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलने, पुन्हा पहिल्या ‘टक्’पर्यंत फुल करायची. जेवढे लिटर आत गेले, तेवढेच मधल्या प्रवासात खर्च झाले. किलोमीटर भागिले लिटर, झालं अ‍ॅव्हरेज. यात काट्याकडे पाहायचंच नाही. एकदा मोजून भागत नाही, निदान तीनदा मोजायचं आणि तिन्हींची बेरीज करून भागाकार करायचा.

आमच्या वहीतल्या नोंदी अशा होत्या. सुरुवातीचं रीडिंग ४८,२१०. मग ४८,४६८ ला १९.८ लिटर, ४८,७७१ ला २१.९ लिटर आणि ४९,०२० ला १८.३ लिटर. एकूण ८१० किलोमीटर, ६० लिटर. म्हणजे लिटरला साडेतेरा. या पूर्ण महिन्यात रोज आमच्यातली एक जण ताईंच्या शेजारी बसली होती. पेट्रोलचा थेंबही इकडेतिकडे गेला नव्हता.

मग कागदावरचे २० खोटे का? तसंही नाही. आपल्या देशात गाड्यांची अशी चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांमध्ये होते. गाडी रस्त्यावर नेत नाहीत, प्रयोगशाळेत रोलरवर चालवतात. वेग कधी वाढवायचा, कधी कमी करायचा, हे सगळं ठरलेलं. साधारण वीस मिनिटांची चाचणी, वेग जास्तीत जास्त ९०, एसी बंद. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा, म्हणून दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उपयोगी आहे. पण त्या परीक्षेत एपीएमसीच्या गेटवरची ट्रकची रांग नाही, ठाणे-बेलापूर रोडवरचा दुपारचा सिग्नल नाही, मागे चाळीस डबे आणि भाजीच्या गोण्या नाहीत.

आमच्या गाडीचं सगळ्यात जास्त पेट्रोल जात होतं उभं राहून. शेजारी बसलेल्या बाईने दोन दिवस घड्याळ लावलं. गाडी जागेवर आणि इंजिन चालू, असा वेळ रोज पाऊण तास निघाला. मार्केटची रांग, सिग्नल, कंपनीच्या गेटवर पासची वाट पाहणं. छोट्या गाडीचं इंजिन नुसतं चालू राहिलं तरी तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल खातं, एसी चालू असेल तर वरच्या बाजूला. पाऊण लिटर धरा. रोजचं अर्ध्या लिटरच्या वर, २४ दिवसांत तेरा लिटर, आणि किलोमीटर शून्य. आमच्या हिशोबात महिन्याला साडेएकोणीस लिटर जास्त जात होतं. त्याचा मोठा भाग इथेच सापडला.

बाकीचं थोडं थोडं करून गेलं. दोन-दोन किलोमीटरवर थांबायचं, म्हणजे पुन्हा पुन्हा जागेवरून वेग घ्यायचा. टायरमध्ये हवा कमी होती. डिक्कीत न लागणारी जुनी शेगडी आणि दोन मोठी पातेली कायमची पडून होती. आणि पेट्रोलही बदललंय. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज यामुळे ६ ते ७ टक्के घटेल, असं म्हटलं होतं. पण यातून २० चे पावणेएकोणीस होतील, साडेतेरा होणार नाहीत. म्हणून सगळा दोष इथेनॉलवर टाकूनही चालत नाही.

पंपावर माप कमी मिळतं का, हीही शंका होतीच. तिथे भांडायची गरज नाही. प्रत्येक पंपावर ५ लिटरचं शिक्का मारलेलं प्रमाणित माप ठेवावं लागतं, आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. आम्ही मागितलं, माप बरोबर निघालं. भरायच्या आधी मशीनवर शून्य आहे ना, तेवढं मात्र दरवेळी पाहा.

गाडीत दोष नाही याची खात्री गणपतीच्या आधी झाली. मूर्ती आणायला पेणला दोन फेऱ्या मारल्या. रस्ता मोकळा, वेग पन्नास-पंचावन्न, एसी बंद. २०६ किलोमीटरला १२ लिटर, म्हणजे लिटरला १७ च्या वर. तीच गाडी, त्याच ताई.

ज्यांच्याकडे सीएनजी आहे त्यांच्यासाठी एक शब्द. तुमचे दिवे उंची नाही, गॅसचा दाब दाखवतात. भरताना गॅस तापतो, दाब चढतो, थंड झाला की एखादा दिवा विझतो. म्हणून गॅस गेला असं समजू नका. पद्धत तीच, फक्त लिटरऐवजी किलो. नव्या गाड्यांत ‘अजून इतके किलोमीटर जाल’ असा आकडा येतो, तोही आधीच्या प्रवासावरून काढलेला अंदाज असतो. मोकळ्या रस्त्यावरून गर्दीत आलात की तो भराभर घसरतो.

आता आम्ही काय बदललं ते सांगतो. गेटवर थांबलो की इंजिन बंद. महिन्यातून एकदा, सकाळी गाडी थंड असताना, टायरची हवा तपासायची. किती हवी ते चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. डिक्की रिकामी. पुढच्या महिन्यात अ‍ॅव्हरेज १४.६ आलं. २० आलं नाही, आणि या कामात ते येणारही नाही. म्हणून डब्याच्या दरात आम्ही किलोमीटरला ५ ऐवजी साडेसात रुपये धरले. आधीच्या दराने त्या एका महिन्यात आमचं १,९५० रुपयांचं नुकसान झालं होतं. ते चोरीने नाही, आमच्या चुकीच्या गणिताने झालं होतं.

गाडीत एक वही ठेवा. त्यात पाच रकाने आखा: तारीख, किलोमीटरचं रीडिंग, लिटर, रुपये आणि सही. पावती तिथेच टाचा. ही वही गाडी चालवणाऱ्या बाईवर पाळत ठेवायला नाही, तिच्या बाजूने बोलायला आहे. आमच्याकडे ती पहिल्या दिवसापासून असती, तर ताईंना किल्ली वहीवर ठेवून उठावं लागलं नसतं.

पुढच्या मासिक सभेत आम्ही त्यांची माफी मागितली आणि ती इतिवृत्तात लिहिली, सगळ्यांच्या सह्यांनिशी. संशय सभेत घेतला होता, तर माफीही सभेतच हवी. ताईंनी किल्ली परत घेतली. म्हणाल्या, “माफी राहू दे, वही नीट लिहा.” आता त्या स्वतःच लिहितात. तुमच्या गटाकडे गाडी, टेम्पो, स्कूटर काहीही असो, येत्या फुल टाकीपासून सुरुवात करा आणि तीन नोंदी झाल्या की गटाच्या सभेत वाचून दाखवा.