लहान धंद्यातील मालक आणि नोकर

आपल्या खुलताबादेत आणि शेजारच्या वेरुळात किराणा, कापड, हॉटेल, प्रसादाची दुकाने अशा ठिकाणी आपली बरीच मुले कामाला आहेत. उद्या त्यांतील काही स्वतःचा धंदाही काढतील. अशा दोन-चार माणसांच्या दुकानाला २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याची बहुतेक कलमे लागू होत नाहीत. म्हणजे तेथील वातावरण कसे असावे, हे बव्हंशी मालकाच्याच हाती राहते.

याविषयी दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : ताकद पाहून काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, गोडधोड वाटून खाणे आणि वेळोवेळी सुट्टी देणे. नोकरानेही दिले तेवढेच घ्यावे, काम नीट करावे, मालकाचे नाव राखावे, असे तेथेच म्हटले आहे. हा व्यवहार दुहेरी आहे.

आजच्या दुकानात याचा अर्थ काय? श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला गर्दी असते. त्या दिवशी रजा देता येत नाही हे खरे. पण मग सोमवारी किंवा मंगळवारी ती न मागता द्यावी. पगाराची तारीख ठरलेली असावी व शक्यतो तो खात्यात जमा करावा. बँकेत आम्ही पाहतो की, दरमहाची नोंद दाखवता आली म्हणजे कर्ज मागताना नोकराला मोठा आधार होतो. चूक झाल्यास गिऱ्हाईकासमोर न बोलता नंतर बाजूला घेऊन सांगावे.

“एवढ्याशा धंद्याला हे परवडेल काय?” असे कोणी विचारील. परंतु जुना माणूस सोडून गेला की मालाचे भाव, उधारीची गिऱ्हाईके, सारी माहिती त्याच्याबरोबर जाते. नव्याला तयार करण्यात महिने जातात. ते नुकसान वहीत दिसत नाही, एवढेच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. कारखान्यांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९४६ च्या दुरुस्तीने आली. कायद्याने मोठ्या कारखान्यातील मजुराला जे मिळाले, ते लहान दुकानातील मुलाला मालकाच्या समजुतीनेच मिळणार. म्हणून धंदा काढणाऱ्या विद्यार्थ्यांनी पहिल्याच दिवशी कामाचे तास, पगाराची तारीख व सुट्टीचा वार वहीत लिहून ती नोकराला वाचून दाखवावी.