वंशावळीत आजी कुठाय?

जात पडताळणी असो की शेताची वारस नोंद, वंशावळ मांडल्याशिवाय काम पुढं सरकत नाही. परभणी, सेलू, जिंतूरकडं हल्ली घरोघरी जुन्या पेट्या उघडताहेत. आमच्याकडंही वंशावळ तयार झाली. सहा पिढ्या, सतरा नावं, पण त्यात बाई एकही नाही! "बायकांची नावं कशाला लागतात?" थोरले भाऊजी सहज बोलून गेले. मी मात्र आजेसासूबाईंचं नाव शोधायला बसले.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळं जुने कागद कुठं मोडीत, कुठं उर्दूत आणि साल फसली. फसली सालात साधारण ५९० मिळवले, की इसवी सन निघतो. एवढं कळलं तरी निम्मी भीती जाते. कागद वाचताना एक गंमत ध्यानात आली. पुरुषाच्या नावापुढं 'पि.' किंवा 'वल्द' लिहून बापाचं नाव. बाईच्या नावापुढं मात्र 'भ्र.', म्हणजे भ्रतार. नवऱ्याचं नाव आलं, की बापाचं पुसलं. त्यात लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलेलं असलं, तर माहेरचं नावही गेलं. आमच्या आजेसासूबाई कागदोपत्री सरस्वतीबाई. माहेरी त्या सोनाबाई होत्या, हे नव्वदीच्या आत्याबाईंनी सांगितलं म्हणून कळलं!

आता जरा लांबचं सांगते. कॅनडात क्यूबेक नावाचा प्रांत आहे. तिथं फ्रेंचांची वसाहत होती. वस्ती वाढावी म्हणून १६६३ ते १६७३ या काळात फ्रान्सच्या राजानं सुमारे आठशे मुली तिकडं पाठवल्या. त्यांना 'राजाच्या मुली' म्हणत. चर्चच्या वहीत बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूची नोंद व्हायची, आणि लग्न झाल्यावरही बाईचं नाव माहेरच्या आडनावानंच लिहिलं जायचं. म्हणून आज तिथल्या बाईला आईची आई, तिची आई असं करत थेट त्या बोटीतून उतरलेल्या मुलीपर्यंत जाता येतं. तिथंही घोळ आहेतच. एकाच घराला दोन आडनावं, मधे 'उर्फ'सारखा शब्द. आपल्याकडं नाही का, एक भाऊ देशपांडे लावतो अन् दुसरा पाथ्रीकर! १९८१ पासून तर क्यूबेकच्या कायद्यानं लग्नानंतरही बाईचं जन्माचंच नाव कायम राहतं.

तुम्ही म्हणाल, हा नुसता हौसेचा विषय. तसं नाही हो. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. पण 'सरस्वती भ्र. अमुक' म्हणजेच 'सोना पि. तमुक' हे दाखवता आलं नाही, तर तो हक्क मागायचा कसा?

म्हणून मैत्रिणींनो, हाताशी असेल ते आजच जपा. माहेरच्या शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा काढून ठेवा. त्यात वडिलांच्या नावासह आपलं नाव असतं. जुनी लग्नपत्रिका टाकू नका. नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलात, तर तीर्थोपाध्यायांना गाव आणि आडनाव सांगून घराण्याची वही बघायला मागा. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा: माहेरचं नाव काय, गाव कोणतं, आईचं नाव काय?

राज्यात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावापुढं आधी आईचं, मग वडिलांचं नाव लिहायचा नियम आला आहे. पुढच्या पिढीची सोय झाली. मागच्या बायांची नावं मात्र आपल्यालाच लिहून ठेवावी लागतील. आमच्या वंशावळीच्या घरच्या प्रतीत मी आता प्रत्येक पुरुषाशेजारी एक चौकट आखली आहे. सतरापैकी नऊ भरल्या. बाकीच्या आठांसाठी पुढच्या महिन्यात आत्याबाईंना घेऊन गंगाखेडला जायचंय.