हा घाम उकाड्याचा नव्हे

पुण्याचा उन्हाळा कोरडा. पारा चाळिशीला टेकला तरी घाम अंगावर साचत नाही, वाळून जातो. मुंबईसारखी चिकचिक इथे क्वचितच. तेव्हा पंख्याखाली निवांत बसलेल्या माणसाला एकाएकी दरदरून घाम फुटला, तर खिडकी उघडून भागत नाही.

‘छातीत कळ नाही, म्हणजे पित्तच असणार.’ सगळ्यांत घातक समज हा. गार घाम, मळमळ, धाप, जबड्यात किंवा हातात ओढ, एवढ्यावरही हार्ट अटॅक असू शकतो. मधुमेहींत आणि बायकांत कधीकधी छातीत दुखतच नाही. सोडा पिऊन ढेकरेची वाट पाहण्यात मोलाचा वेळ जातो. १०८ला फोन करावा. स्वतःच स्कूटर काढून दवाखाना गाठण्याचा पुणेरी बाणा या वेळी नको.

दुसरा समज एकादशी-चतुर्थीचा: ‘उपवासाने अशक्तपणा आलाय.’ पोटात काही नाही, पण मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन मात्र वेळेवर घेतलेलं. साखर ७०च्या खाली गेली की घाम, थरथर, भूक, मग असंबद्ध बोलणं. शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी. गोळीत व्होग्लिबोज असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोज पावडरच हवी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांना थरथर, धडधड जाणवत नाही. घाम तेवढा येतो, म्हणून तो गांभीर्याने घ्यायचा. उपवास सोडा असं कुणी म्हणत नाही, पण त्या दिवशीचा डोस आधी डॉक्टरांना विचारावा.

‘उष्माघातात घाम थांबतोच’ हेही अर्धंच खरं. उन्हात स्लॅबवर राबणाऱ्या मजुराला उष्माघातातही घाम येत राहू शकतो. अंग ४० अंशांच्या वर तापलंय आणि माणूस बरळतोय, हे पाहायचं.

पन्नाशीच्या बाईला ‘पाळी जाताना होतंच’ म्हणतात, ते बहुतेकदा बरोबरही असतं. पण खाऊनही वजन घटतंय, हात कापतायत, तर थायरॉईड तपासावं.

आणि रात्री चादर भिजवणारा घाम, त्यात ताप, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर क्षयाची शंका घ्यावी. थुंकीची तपासणी सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत मोफत होते, औषधंही मोफत मिळतात.