अर्नाळ्याचे ऊन आणि एफ/१.४

चलच्चित्रकलेच्या आरंभकाळी उजेड ही दुर्मिळ वस्तू होती. १९१३ साली पडद्यावर आलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चित्रणात दादासाहेब फाळके यांची सारी भिस्त सूर्यावर होती, आणि त्या काळची फिल्म इतकी मंद होती की उन्हाचाही हात आखडता वाटावा; त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी धरून ते ऊन नटांच्या अंगावर परतवीत उभ्या राहत, अशी हकीकत सांगितली जाते. छायाचित्रकार ज्याला ‘फास्ट लेन्स’ म्हणतात ते भिंग या टंचाईचेच अपत्य होय. भिंगाच्या नाभीय अंतरास त्याच्या उघड्या छिद्राच्या व्यासाने भागले असता जी एफ-संख्या येते, ती जितकी लहान तितका आत येणारा प्रकाश अधिक. लुडविग बेर्टेले यांनी १९२४ च्या सुमारास एफ/२ चे एर्नोस्टार भिंग रचले, तेव्हा छायाचित्रकार एरिक सालोमन यांना परिषदांतले मुत्सद्दी दिवाणखान्यातील दिव्यांच्याच उजेडात टिपता आले. आणि १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मध्ये स्टॅन्ली क्युब्रिक यांनी नासासाठी घडविलेले झाइसचे एफ/०.७ चे भिंग लावून मेणबत्त्यांच्या प्रकाशात प्रसंग चित्रित केले.

अंधारासाठी घडविलेले हे हत्यार भर दुपारी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर कोणी का उपसावे? उत्तर प्रकाशात नाही, चित्राच्या खोलीत आहे. ५० मिलिमीटरच्या भिंगाने दोन मीटरवरील वस्तू टिपताना एफ/१.४ ला पुढचा-मागचा मिळून अवघा १३ सेंटिमीटरांचा पट्टा रेखीव येतो. एफ/१६ ला तोच पट्टा सुमारे १.८ मीटरांचा होतो. वलांडीवर, म्हणजे मासे वाळविण्याच्या बांबूंच्या मांडणीवर, जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेल्या बोंबलांच्या शेकडो जोड्यांतून एकच जोडी उचलून दाखवायची आणि बाकीच्या केवळ रुपेरी धूसर रेषा म्हणून ठेवायच्या असतील, तर छिद्र पूर्ण उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

परंतु येथे जमाखर्च बिघडतो. अर्नाळा साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ असल्यामुळे मे महिन्याच्या मध्यास, दुपारी साडेबाराच्या सुमारास, सूर्य ठीक माथ्यावर येतो. (जुलैअखेर तो पुन्हा येतो, पण तेव्हा त्याचे दर्शन घडविणे पर्जन्यराजाच्या मर्जीवर.) स्वच्छ उन्हाचा जुना दंडक असा, की एफ/१६ ला शटरचा अवधी एका सेकंदाला फिल्मच्या आयएसओ आकड्याने भागून येईल तितका ठेवावा, म्हणजे १०० आयएसओला १/१०० सेकंद. एफ/१६ ला ५० मिलिमीटरच्या भिंगाचे छिद्र तीन मिलिमीटरांच्या आसपास असते, एफ/१.४ ला ते सुमारे छत्तीस होते. क्षेत्रफळाची तफावत १२८ पट, आणि अवधी हवा १/१२,८०० सेकंद. जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यांची धाव बहुधा १/१००० पर्यंत. १९८२ च्या निकॉन एफएम२ ने ती १/४००० वर नेली, १९९२ च्या मिनोल्टा ९एक्सआयने १/१२,००० वर, म्हणजे आपल्या हिशेबाच्या जेमतेम उंबरठ्यापर्यंत; आणि समुद्र व ओली वाळू यांच्या परावर्तनाने त्यावर आणखी भर पडते ती निराळीच.

तेव्हा तजवीज करावी लागते ती आलेला प्रकाश परत पाठविण्याची. रंगीत निगेटिव्ह फिल्म दोन-तीन स्टॉपांचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट) अतिरेक मुकाट्याने सोसते, पारदर्शिकेची स्लाइड फिल्म अर्धा स्टॉपही सोसत नाही. पण १/१००० वर थांबणाऱ्या कॅमेऱ्याला येथे पावणेचार स्टॉपांचा भार होतो, आणि तो निगेटिव्हच्या औदार्याबाहेरचा आहे. म्हणून भिंगापुढे राखाडी काच, म्हणजेच एनडी फिल्टर, लावतात: सोळापटीचा लावला की १/८०० सेकंदात काम भागते. या काचेच्या बाबतीत फिल्मला एक सवलत आहे. साध्या एनडी काचा दृश्य प्रकाश अडवितात, पण अवरक्त किरणांस पुष्कळसे मोकळे सोडतात. डिजिटल संवेदकावर ते रुजू होऊन काळ्या कापडाला तपकिरी छटा आणतात, साधी फिल्म मात्र त्यांना ओळखतच नाही.

धोका आहे तो निराळ्याच ठिकाणी. ज्यांत आरसा नसतो अशा रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत भिंगाच्या मागे कापडी शटरचा पडदा थेट असतो. ५० मिलिमीटरच्या भिंगातून सूर्याची जी प्रतिमा पडते तिचा व्यास अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, आणि छत्तीस मिलिमीटरांच्या छिद्रातून शिरलेले सारे ऊन त्या ठिपक्यात काही हजारपट घट्ट होते. शाळेतल्या मुलाने भिंगाने कागद जाळावा तसे त्या पडद्याला भोक पडते. गळ्यातला कॅमेरा आकाशाकडे वळलेला ठेवून होडीची वाट पाहणे या दृष्टीने महागात पडणारे आहे. टोपण लावावे, निदान छिद्र तरी मिटून ठेवावे.

पूर्ण उघडे भिंग स्वतःचे दोषही झाकीत नाही. ओल्या वस्तूंच्या चकाकत्या कडांना जांभळी झालर येते, चित्राचे कोपरे काळवंडतात, पांढऱ्यावर धुक्याचा हलका लेप बसतो. काहींना ही त्रुटी वाटते, काही याच लेपासाठी पैसे मोजतात. मला स्वतःला तो बोंबलांवर शोभतो, किल्ल्यावर नाही. वैतरणेच्या मुखाशी पाण्यात उभा असलेला, १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला जलदुर्ग पार्श्वभूमीत करडा गोळा करून टाकायचा असेल, तर माणसाने अर्नाळ्यापर्यंत येण्याचे प्रयोजन काय? तेथे एफ/११ चाच अंमल असावा.

चलच्चित्राची कैफियत याहून बिकट. सेकंदाला २४ चौकटी आणि साधारण १/४८ सेकंदाचा अवधी एकदा ठरला की शटर आखडता येत नाही. ५० आयएसओच्या फिल्मलाही एफ/१.४ साठी सात स्टॉपांची, म्हणजे १२८ पटीची काच लागते. मग भिंगातूनच पाहणारा व्ह्यूफाइंडर इतका मंदावतो, की त्यात डोळा घालून फोकस ठरविण्यापेक्षा फोकस पुलर, म्हणजे फोकस सांभाळणारा साहाय्यक, मोजफीत धरून अंतर घेतो आणि भिंगावरील आकड्यांवर विसंबतो. वलांडीपाशी काम करणारी कोळीण चित्रणासाठी थोडीच थांबून राहते. ती पुढच्या बांबूकडे हातभर सरकली की १३ सेंटिमीटरांचा पट्टा मागे राहतो, आणि फीत पुन्हा धरावी लागते.