परदेशवारीनंतर उरलेले डॉलर, दिऱ्हॅम कुठे बदलावेत? विमानतळावरची घाई पडू शकते महागात

नाशिक : दुबई किंवा सिंगापूरची सहल आटोपून नाशिककर मुंबई विमानतळावर उतरतो, तेव्हा पाकिटात काही परकी नोटा उरलेल्या असतात. नाशिकची गाडी पकडण्याआधी त्या बदलून टाकाव्यात, असे अनेकांना वाटते. मात्र, नियम पाहिले तर एवढी घाई करण्याची गरज नाही.

नुकसान कसे होते?
विमानतळावरील काउंटरवर खरेदी आणि विक्रीच्या दरातील फरक सहसा शहरापेक्षा जास्त असतो. समजा, दिऱ्हॅमचा बाजारभाव २४ रुपये आहे आणि काउंटर २२ रुपये देतो. ५०० दिऱ्हॅममागे थेट १,००० रुपये कमी मिळतात. स्लॅब पद्धतीने जीएसटी लागला, तर तो किमान ४५ रुपये असतो. म्हणजे १२,००० ऐवजी हातात १०,९५५ रुपये पडतात.

किती चलन घरी ठेवता येते?
रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार भारतात राहणारी व्यक्ती २,००० डॉलर मूल्यापर्यंतच्या परकी नोटा पुढच्या प्रवासासाठी कितीही काळ ठेवू शकते. त्याहून जास्त रक्कम परतल्यापासून १८० दिवसांत बँक किंवा अधिकृत मनी चेंजरकडे द्यावी लागते. नाण्यांना मर्यादा नाही. पण ती सहसा कोणी बदलून देत नाही. त्यामुळे ती तिथेच खर्च केलेली बरी.

परदेशी पाहुण्यांनी काय करावे?
२०२७ च्या सिंहस्थाला येणाऱ्या परदेशी भाविकांपुढे उलटा प्रश्न असेल : उरलेले रुपये परत कसे बदलायचे? त्यासाठी चलन बदलताना मिळालेले एन्कॅशमेंट सर्टिफिकेट दाखवावे लागते. ते नसेल, तर योग्य कारण असल्यास मनी चेंजर १०,००० रुपयांपर्यंत बदलून देऊ शकतो; मात्र प्रवास पुढील सात दिवसांत असला पाहिजे आणि निर्णय त्याच्या मर्जीवर असतो. एटीएममधून काढलेल्या रुपयांसाठी परदेशी पर्यटकांना पावत्या दाखवून ५०,००० रुपयांपर्यंत ही सोय मिळू शकते. म्हणून कागद जपून ठेवण्यास त्यांना पहिल्याच दिवशी सांगावे.

हे लक्षात ठेवा
- नाशिकमध्ये दोन-तीन ठिकाणी दर विचारा. ‘हातात किती रुपये पडतील’ हाच प्रश्न करा.
- पासपोर्ट सोबत न्या, पावती घ्या.
- ओळखीच्या एजंटला नव्हे, अधिकृत परवानाधारकालाच चलन द्या.