वर्ध्यातील घरावर पुण्यातून नजर

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील अनेक घरांत आज केवळ वृद्ध आईवडील राहतात. मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असतात. अंगणात कॅमेरा बसविला जातो, चित्रण घरातील रेकॉर्डरमध्ये साठते. मात्र ते पुण्यात बसून पाहावयाचे, तर बाहेरून आलेली हाक नेमक्या त्या यंत्रापर्यंत पोहोचली पाहिजे. राउटरमधील ज्या सोयीने हे साधते, तिला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

याची गरज का भासते, हे कार्यालयातील दूरध्वनीवरून समजते. ०७१५२ हा कोड वर्ध्यापर्यंत नेतो, पुढील क्रमांक कार्यालयापर्यंत; पण आतल्या एक्स्टेन्शनला जोडून देण्याचे काम ऑपरेटरचे असते. राउटर हा घरातील ऑपरेटरच होय. जुन्या आयपीव्ही-४ पद्धतीत पत्ते सुमारे ४२९ कोटीच असून, त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा २०११ मध्ये संपला. म्हणून संपूर्ण घराला बाहेरचा एकच पत्ता मिळतो आणि आतील यंत्रांना राउटर खासगी पत्ते वाटतो. आतून गेलेल्या मागणीचे उत्तर कोणाला द्यायचे, हे त्याला ठाऊक असते. अनाहूत आलेली हाक मात्र तो दारातच थांबवितो.

नियम कसा लिहावा?

प्रथम रेकॉर्डरचा खासगी पत्ता, समजा १९२.१६८.१.२०, राउटरमध्ये कायम राखून ठेवावा. तो बदलला तर नियम निरुपयोगी ठरतो. नंतर ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१) टाकून ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ किंवा ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ हे पान उघडावे. तेथे बाहेरचा पोर्ट, आतील पत्ता, आतील पोर्ट आणि टीसीपी की यूडीपी, एवढी माहिती भरावी. पोर्टचे क्रमांक ६५,५३५ पर्यंत असतात. आपल्या यंत्राचा क्रमांक त्याच्या माहितीपुस्तिकेत मिळतो. चाचणी घरच्या वाय-फायवरून न करता मोबाइल डेटावरून करावी. बाहेरचा पत्ता वरचेवर बदलत असल्यास डायनॅमिक डीएनएस सेवा त्याला कायमचे नाव देते.

सर्व करूनही चालत नसेल तर?

राउटरच्या पानावरील ‘वॅन’ पत्ता आणि पत्ता दाखविणाऱ्या संकेतस्थळावरील पत्ता ताडून पाहावेत. ते भिन्न असतील आणि वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या जोडीने किंवा १० ने सुरू होत असेल, तर सेवा पुरवठादाराने एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. अशा वेळी घरच्या राउटरवर कितीही नियम लिहिले, तरी हाक पुरवठादाराकडेच अडते. त्याच्याकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागणे, हा एक उपाय.

उघडे दार सर्वांनाच

उघडलेला पोर्ट मुलाला ओळखत नाही. तो येईल त्याला आत सोडतो. खुले पोर्ट शोधणारी यंत्रे इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेला पासवर्ड कायम असलेले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्याच बळावर झालेल्या हल्ल्याने ट्विटरसह अनेक मोठी संकेतस्थळे काही तास विस्कळीत झाली. घरापुरते बोलायचे, तर आईवडील कधी बाहेर जातात, हे अनोळखी माणसालाही दिसू शकते.

म्हणून राउटर व रेकॉर्डरचे मूळ पासवर्ड आधी बदलावेत, त्यांचे फर्मवेअर अद्ययावत ठेवावे आणि गरज संपताच नियम काढून टाकावा. त्याहून उत्तम म्हणजे कॅमेऱ्याचा पोर्ट न उघडता राउटरवर व्हीपीएन सुरू करावे. मग किल्ली असलेल्यालाच घराच्या जाळ्यात प्रवेश मिळतो. आईवडिलांच्या सुरक्षेसाठी बसविलेला कॅमेरा चोराचा डोळा होऊ नये, एवढी काळजी दार उघडण्यापूर्वीच घ्यावयास हवी.